चालतंय तोवर

"भाऊसाहेब, परत तेच आलंय," रेश्मा मॅडम कोठीच्या दारातूनच म्हणाल्या.

"काय म्हनतंय?"

"तुमचा ब्राउझर जुना झालाय म्हणतंय. आणि खाली सगळं पांढरं."

वैजनाथ पालवे मेसच्या कोठीत तांदळाची पोती उतरवून घेत होता. त्याने हात झटकले, शर्टाच्या बाहीवरचा भुसा पुसला आणि पटांगण ओलांडून ऑफिसात आला. शाळेत कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची रीत, म्हणून सगळे त्याला भाऊसाहेबच म्हणत. कारकुनी, कोठी, पाण्याची मोटर आणि कॉम्प्युटर, सगळं त्याच्याकडेच होतं.

ऑफिसात मुख्याध्यापक वाकचौरे सर खुर्ची असूनही उभे होते. दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायची मुदत संध्याकाळी संपत होती. पोरांची माहिती, फोटो, सगळं आत भरून ठेवलं होतं. फक्त शेवटचं पाठवायचं राहिलं होतं, आणि साइटने रात्रीतून कात टाकली होती.

वैजनाथ खुर्चीत बसला. आधी त्याने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. मशीनच्या आतला सेल मधूनच सैल व्हायचा आणि मशीन स्वतःला कित्येक वर्षं मागे नेऊन ठेवायचं. तारीख चुकली की एकही साइट त्याला आत घेत नसे. आज तारीख बरोबर होती. मग त्याने दुसरा ब्राउझर उघडला, तोही तेच म्हणाला. तिसऱ्यात पान दिसलं, पण बटण दिसेना. शेवटी सेटिंगमध्ये खोल शिरून त्याने ब्राउझरला खोटं नाव सांगायला लावलं. म्हणजे साइटने विचारलं, तू कोण, तर मी नवाच आहे असं याने सांगायचं. पान बराच वेळ गोल फिरत राहिलं. मोबाईलची रेंज गेली, आली. मग हळूहळू खालचं बटण उमटलं.

"पाठवा," वैजनाथ म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

मॅडमनी बटण दाबलं. वाकचौरे सर खाली बसले, रुमालाने मान पुसली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "पालवे हायेत तोवर आपल्याला काळजी न्हाई."

सर मनापासून बोलत होते. वैजनाथला मात्र ते वाक्य ऐकलं की गळ्यातला दोर कुणीतरी जरा ओढून पाहिल्यासारखं वाटायचं.

शाळा भंडारदऱ्याच्या पाण्याच्या पलीकडल्या अंगाला, डोंगराच्या पोटात होती. एका खासगी संस्थेची निवासी शाळा. आसपासच्या वाड्यांवरची पोरं तिथं राहून शिकत. वैजनाथचं गाव जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पाथर्डीकडे. इथं पाऊस लागला की महिना महिना भिंती सुकत नसत आणि तिकडे लोक आभाळाकडे बघत बसत. जिल्हा एकच, पण घरी जायचं तर पहाटेची एसटी धरून राजूर, अकोले, संगमनेर, नगर असं करत दिवस मावळायचा. त्यामुळे जाणं सणासुदीला, नाहीतर लागून सुट्ट्या आल्या तर.

नोकरी लागली तेव्हा त्याने बायकोला आणि आईला इथंच आणलं होतं. त्याचे आईवडील आयुष्यभर ऊसतोडीला गेलेले. वडील गेले आणि आई, लंकाबाई, छातीत दमा घेऊन घरी बसली होती. लेकाला पगाराची नोकरी लागली, आता एका जागी राहू, असं तिला वाटलं. पण श्रावणापर्यंत इथल्या ओलीने तिचा श्वास इतका अडकला की रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसून काढायची. राजूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला कोरड्या हवेत ठेवा. मग आरती, त्याची बायको, सासूला आणि मुलाला घेऊन गावी परतली. वैजनाथ शाळेच्या आवारातल्या खोलीत एकटा राहिला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

संस्थेची एक शाखा पाथर्डी तालुक्यात होती, त्याच्या गावापासून सायकलने जाता येईल एवढ्यावर. तिथं बदली व्हावी म्हणून तो दर वर्षी अर्ज द्यायचा आणि दर वर्षी वाकचौरे सर त्यावर लिहायचे, की सदर कर्मचाऱ्याशिवाय शाळेचे ऑनलाइन कामकाज चालणार नाही. सरांना वाटायचं आपण त्याचं कौतुकच लिहितोय.

ते खोटंही नव्हतं. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीने आपली वापरून झालेली तीन मशीनं शाळेला दान दिली होती. दोन मेली. त्यांचे अवयव तिसऱ्यात घालून वैजनाथने ते एक जिवंत ठेवलं होतं. पावसाळ्यात त्याच्या पेटीशेजारी तो रात्रंदिवस पिवळा बल्ब लावून ठेवायचा, ओल धरू नये म्हणून. जुन्या सिस्टीमवर नवे ब्राउझर बसेनात तेव्हा राजूरच्या दुरुस्तीवाल्याकडून पेनड्राइव्हवर फुकटची हलकी सिस्टीम आणून त्याने ती शेजारी बसवली. मग त्या नव्या सिस्टीमला प्रिंटर ओळखेना. म्हणून साइट उघडायची नव्या सिस्टीमवर, कागद मशीनमध्येच जपून ठेवायचा, मशीन बंद करून पुन्हा जुन्या सिस्टीमवर चालू करायचं आणि मग प्रिंट काढायची. एका बोनाफाइड दाखल्याला सकाळ जायची. पण निघायचा.

निघायचा, म्हणूनच नवं मशीन येत नव्हतं. संस्थेच्या सचिवांकडे मागणी गेली की उत्तर यायचं, तुमचं चालतंय ना? मग ज्यांचं बंद आहे त्यांना आधी देऊ. बंद पडलेल्या शाखांना नवी मशीनं मिळाली. इथलं बंद पडत नव्हतं. वैजनाथ ते पडू देत नव्हता. रात्री खोलीत पडल्या पडल्या त्याला हे लख्ख दिसायचं: आपण त्याला चालवतो म्हणून ते आहे, आणि ते आहे म्हणून आपण इथं. एकदा त्याने ठरवलंही, की उद्या हात लावायचा नाही, होत नाही म्हणून सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी वाडीवरची एक आई पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी डोक्यावर इरलं घेऊन दारात उभी राहिली. त्याने मशीन चालू केलं.

दहावीचे अर्ज गेल्यानंतरच्या आठवड्यात तो रेश्मा मॅडमना म्हणाला, "मॅडम, तुमी बसा इथं. मी बाजूला उभा ऱ्हातो. एक एक करून दाखवतो."

"मला जमेल?"

"मला जमलं तर तुमाला का न्हाई?"

रेश्मा मॅडम शाळेत नवीन होत्या. सासर देवळाली प्रवराचं. नवरा गोरक्ष तिकडे साखर कारखान्यात कामाला, त्याला जागा सोडता येत नव्हती. मुलगी सृष्टी चार वर्षांची, आजीपाशी. मॅडम इथं मुलींच्या वसतिगृहाशेजारच्या खोलीत राहायच्या आणि पंधरा दिवसांनी शनिवारी धावत एसटी पकडायच्या. हुशार बाई. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारत नसत.

हिवाळाभर तास संपले की त्या ऑफिसात यायच्या. कुठली साइट कुठल्या ब्राउझरमध्ये उघडते, कुठे चित्रं बंद करायची म्हणजे पान हलकं होतं, नवं अपडेट आलं की कधी घ्यायचं आणि कधी नाही म्हणायचं, खोटं नाव कसं सांगायचं. मॅडमना त्या खोट्या नावाची मोठी गंमत वाटायची.

"म्हणजे आपणच याला खोटं बोलायला शिकवायचं."

"त्याला आत तर घ्याया पायजे कुनी."

काम चालू असताना मध्येच त्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल यायचा. सृष्टी पडद्यावर फक्त कपाळ दाखवायची, नाहीतर छताचा पंखा. मॅडम खिडकीशी जाऊन रेंज शोधत, "बाळा, मला बघू दे ना तुला, खाली धर," म्हणत राहायच्या. वैजनाथ पाठ फिरवून काहीतरी टाइप करत बसायचा.

फेब्रुवारीत तो तापाने पडला आणि दोन दिवस ऑफिसात गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला तर सगळी कामं झालेली होती. वाकचौरे सर म्हणाले, "मॅडमनी सांभाळलं बरं का. अगदी तुमच्यासारखं." त्या दिवशी त्याने बदलीचा अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी सरांनी वर काहीच शेरा मारला नाही.

एक मेच्या झेंडावंदनानंतर सरांनी त्याला बाजूला घेतलं आणि पाकीट हातात दिलं. बदली झाली होती. जूनमध्ये पाथर्डीकडच्या शाखेत हजर व्हायचं.

"तुमचं बरं झालं, पालवे," सर म्हणाले. "आमचं थोडं अवघड, पन मॅडम हायेत आता."

वैजनाथ पाण्याच्या टाकीपाशी गेला. तिथं रेंज चांगली लागायची. आरतीला आधी खरंच वाटेना. मग ती इतकं हसली की त्यालाही हसू फुटलं. तिने फोन सासूच्या कानाला लावला.

"आय, बदली झाली. गावाकडं."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग लंकाबाई म्हणाली, "कायमची का?"

"कायमची."

"मंग बरं हाय," एवढंच ती म्हणाली. पण संध्याकाळी आरतीचा फोन आला, की आईंनी आळीतल्या माणसाला बोलावून बाज आवळून घेतलीय, लेक अंगणात झोपतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन सगळ्यांकडे फिरला. स्वयंपाकीण गोजरबाईंनी त्याच्या पाया पडू पाहणाऱ्या पोरांना हाकललं आणि स्वतःच डोळे पुसले. रेश्मा मॅडम वर्गात एकट्याच होत्या. सुट्टी लागायची म्हणून भिंतीवरची पोरांची चित्रं काढून घेत होत्या.

"अभिनंदन, भाऊसाहेब." त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. टेबलावर ठेवला.

"तुमचं काय झालं, मॅडम? तुमीबी अर्ज दिला हुता ना देवळालीच्या शाखेसाठी? तिथं जागा हाय म्हनले हुते."

"जागा आहे."

"मंग?"

त्यांनी चित्राच्या कोपऱ्याला लागलेला चिकटपट्टीचा तुकडा नखाने सोडवला. "सर म्हणाले, पालवे चाललेत. तुम्हीपण गेलात तर कॉम्प्युटर कोण बघणार?"

बाहेर पोरांचा गलका चालू होता. वैजनाथ हातात पेढ्यांचा पुडा धरून उभा राहिला.

"मला हे म्हाईत नव्हतं," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे तुम्हाला माहीत नव्हतं."

"मी सरांशी बोलतो."

"मी बोललेय. ते म्हणतात वर्ष-दोन वर्षं काढा, मग बघू." त्यांनी हातातलं चित्र गुंडाळलं. "मी तुमच्यावर चिडलेली नाही, भाऊसाहेब. तुम्ही शिकवलंत, मी शिकले. जरा कमी शिकले असते तर बरं झालं असतं."

त्या हसल्यासारखं करून पुन्हा भिंतीकडे वळल्या. तो दारापर्यंत गेला तेव्हा त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परवा फोनवर सृष्टी आजीला विचारत होती, पाहुणी कधी येणार? कुणी शिकवलं नाही तिला. तिचं तिनंच शोधलंय."

त्या रात्री वैजनाथने सामान बांधायला घेतलं. सामान फारसं नव्हतंच. तरी ते त्याच्याने बांधून होईना. माहीत नव्हतं, असं तो मॅडमना म्हणाला होता आणि ते खरंही होतं. पण खुर्ची पुढे ओढून "तुमी बसा इथं" म्हणताना, आपण उठलो तर या खुर्चीत कुणीतरी बसलेलं लागणार, एवढं त्याला कळत होतं. त्यापुढचं त्याने मनाला विचारूच दिलं नव्हतं.

सोमवारी तो संस्थेच्या सचिवांना भेटायला तालुक्याला गेला. सचिवांना सगळे काकासाहेब म्हणत. घराच्या ओसरीवर लोक बसलेले, आत एकेकाला बोलावणं चाललेलं. वैजनाथचा नंबर लागला तेव्हा ऊन कलत आलं होतं.

"काय रे वैजनाथ, मिळाली ना ऑर्डर? पेढे कुठायत?"

"साहेब, आमच्या शाळेला नवा कॉम्प्युटर द्या."

काकासाहेबांनी चष्मा वर केला. "तू चाललास, आन तुला शाळंचा कॉम्प्युटर कशाला?"

"ते मशीन हाय म्हनून रेश्मा मॅडमला सोडत न्हाईत."

"चालतंय ना ते?"

"व्हय."

"मंग चालत्याला हात लावू नये. माझा साधा नियम हाय."

"साहेब, ते चालत न्हाई. आमी चालवतो," वैजनाथ म्हणाला. तो फार हळू बोलत होता, म्हणून काकासाहेबांना पुढे झुकावं लागलं. "एक वाट बंद झाली की दुसऱ्या वाटंनं न्यायचं, एवढंच चाललंय. आता वाटा ऱ्हायल्या न्हाईत. असल्या जुन्या मशीनला नवीन ब्राउझर द्यायचंच बंद हुत चाललंय. आज मॅडमला अडकवून ठेवलं तरी वर्षभरानं ते बंदच पडनार. तवा नवं घ्यावंच लागंल. मंग त्यांना कशाला ठेवायचं?"

काकासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. सतरा शाळांची उस्तवार करता करता त्यांना माणसं आणि बाकं एकाच रांगेत दिसायला लागली होती, इतकंच.

"बरं," ते म्हणाले. "नवं देतो. पन ऐक. नवं आलं म्हंजे जुन्यातलं त्यात घालायचं, बसवायचं, बाकीच्या मास्तरांना शिकवायचं. एक तरी जानतं मानूस तिथं पायजे. दोगंबी सोडून शाळा वाऱ्यावर टाकायची न्हाई मला. तुमच्या दोघातलं कोन थांबतंय सांग."

"किती दिवस?"

"एक वरीस."

"आन फुडं?"

"फुडचं फुडं बघू."

वैजनाथने बाहेर जाऊन येतो म्हणून सांगितलं. ओसरीसमोर कडुनिंबाखाली मोटारसायकली लावलेल्या होत्या. त्यांच्या मधे उभं राहून त्याने आरतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"मला कशाला विचारता? तुमचं ठरल्यालं हाय. ठरलं नसतं तर फोन केला नसता."

"आरती."

"एक वरीस म्हनत्यात आन तुमी ऐकता. दर वर्साला एकच वरीस असतंय ते." तिचा आवाज जड झाला. पलीकडून पाण्याची घागर ठेवल्याचा आवाज आला. "केवढी हाय त्यांची पोरगी?"

"चार वर्सांची."

"आपला झाला पाचवीला. बाप म्हंजे दिवाळीला येतो त्यो, हे त्याला आता अंगवळनी पडलंय. तिचं अजून पडलं नसंल."

वैजनाथ शेजारच्या मोटारसायकलच्या सीटवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

"तुमाला काय करायचं ते करा," आरती म्हणाली. "मी भांडनार न्हाई. पन आईंना तुमी सांगायचं. मी न्हाई सांगनार."

तो पुन्हा आत गेला. "मी थांबतो," तो म्हणाला. खिशातलं पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं. "माझी रद्द करा. पन मॅडमची ऑर्डर आज काढा. मी घिऊनच जातो."

"तुझं डोकं ठिकानावर हाय का रे? कोन लागती ती तुझी?"

"कुनी न्हाई. मी तिला शिकवलं, साहेब."

काकासाहेबांनी मान हलवली आणि आतल्या माणसाला टाइप करायला सांगितलं. अंधार पडेपर्यंत वैजनाथ ओसरीवर बसून राहिला.

नवा कॉम्प्युटर जूनच्या सुरुवातीला आला. थर्माकोलच्या खोक्यातून सगळ्यांनी मिळून तो बाहेर काढला, गोजरबाईंनी हळदकुंकू लावलं. वैजनाथने वायरी जोडल्या, जुन्यातलं सगळं नव्यात घातलं. त्याला वाटलं होतं आठवडा जाईल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालंही. साइट उघडायची म्हटली की उघडत होती. खोटं नाव नको की तारीख तपासायला नको. वाकचौरे सरांनी स्वतः खुर्चीत बसून एका बोटाने एक दाखला काढला आणि कागद प्रिंटरमधून बाहेर येताना बघून ते पोरासारखे खूश झाले.

"अरे, हे तर कुनालाबी जमंल," ते म्हणाले.

वैजनाथ शेजारी उभा होता. "व्हय," तो म्हणाला.

वर्षभर थांबून शिकवावं असं त्यात काही नव्हतं. मास्तर लोक आपापलं काम आपापलं करू लागले. जुनं मशीन कोठीत रिकाम्या पोत्यांवर नेऊन ठेवलं. ऑफिसात आता त्याला मुद्दाम कुणी हाक मारत नव्हतं. उद्या मशीन चालू होईल का, या काळजीने रात्री जागायचं कारणही उरलं नव्हतं. फक्त पाकीट परत दिलेलं होतं आणि तिकडच्या शाखेत दुसरा कारकून हजर झाला होता.

त्याने वाकचौरे सरांना एकदा विचारून पाहिलं. सर खरोखरच ओशाळले. "मी लिहितो, पालवे. अगदी जोर लावून लिहितो. पन जागा भरली आता तिथली. फुडच्या वर्साला बघू आपन."

रेश्मा मॅडम निघाल्या तो शनिवार होता. काजवे बघायला आलेल्या गाड्यांनी धरणाकडचा रस्ता भरून गेला होता, म्हणून एसटी शाळेच्या फाट्यावरच अडकून पडली होती. गाड्यांतून उतरलेली माणसं डोंगराचे फोटो काढत होती, केवढं छान आहे, इथंच राहावंसं वाटतं, म्हणत होती. वैजनाथने मॅडमची ट्रंक एसटीत वर चढवून दिली. त्या खिडकीशी बसल्या.

"भाऊसाहेब, मी काय बोलू?"

"काय बोलू नका. पोचलात की मिस कॉल द्या."

गाडी हलली. रात्री जेवणाच्या वेळी त्याचा मोबाईल एकदा वाजून थांबला.

आईला सांगायचं मात्र तो पुढे ढकलत राहिला. शाळा उघडली की येतो, असं तिला वाटत होतं. शाळा उघडली. मग पाऊस थांबला की येतो, असं तिनेच ठरवून घेतलं. आरती रोज फोनवर त्याच्या जेवणाचं विचारायची, मुलाचं सांगायची. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. तिने सांगितलं होतं, ती सांगणार नव्हती.

एका दुपारी पाऊस थोडा उघडला. समोरच्या खाचरांत बायका भाताची आवणी करत होत्या. वैजनाथ टाकीपाशी गेला आणि फोन लावला.

"आईला दे."

आरतीने काही न विचारता दिला.

"आय, माझी बदली रद्द झाली."

"कुनी केली?"

कुणी केली म्हणून सांगायला त्याच्याकडे बरीच नावं होती.

"मीच केली," तो म्हणाला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. मशीन, मॅडम, ती लहान पोरगी. लंकाबाईला ब्राउझर म्हणजे काय हे समजण्यासारखं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, की एकाला इथं थांबावं लागणार होतं, तेव्हा मी थांबलो. सांगताना तिचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना बारीक शिट्टी वाजल्यासारखा.



"तू पोटात हुतास," ती म्हणाली, "तवा आमी फडात हुतो. कारखान्यावं. दिवस भरत आले तरी मुकादम घरी सोडंना. म्हनला, एक बाई जायची तर दुसरीनं तिचा ऊस वढायचा. आमच्यात झुंबरबाई हुती. तिची घरी जायाची पाळी लागल्याली. तिचं पोरगं तापानं पडलं हुतं गावाकडं. पर ती ऱ्हायली. म्हनली, लंके, तू जा. मी मागनं येते. तू घरात जलमलास, फडावरच्या पाचटाच्या कोपीत न्हाई."

"तिच्या पोराचं काय झालं?"

"वाचलं की. आई नसताना वाचलं."

"तू मला कदी सांगितलं न्हाई हे."

"त्यात काय सांगायचं?" तिला धाप लागली. ती निवेपर्यंत तो थांबला. "येशील तवा ये, वैजा. मी हाय तवर ये म्हंजे झालं."

"येतो, आय."

"बरं. ठिवते."

पण लंकाबाईला फोन बंद करता येत नसे. तिने तो नुसताच बाजेवर ठेवला असावा. वैजनाथला आधी गोधडीची सळसळ ऐकू आली, मग तिचं खोकणं जरा लांब गेलं. कुठेतरी शेळी ओरडली. मुलगा शाळेतून आला असावा, दप्तर टाकल्याचा आवाज आला आणि आरती म्हणाली, "आदी पाय धू." कुणीतरी हौदात तांब्या बुडवून पाणी घेतलं. पाणी पायांवर पडल्याचा, फरशीवरून वाहत गेल्याचा आवाज आला.

खाचरात बायकांनी एक ओळ संपवून दुसरी धरली होती. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला. वैजनाथने मोबाईलवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आणि कान तिथंच ठेवून तो उभा राहिला. बोलला असता तर फोन चालूच आहे हे त्यांना कळलं असतं. तो बोलला नाही.